व्हेप खिशात, कायदा हवेत

दुबईहून किंवा दोहाहून सुट्टीवर येणारे नातेवाईक मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. मी आयटीत आहे, म्हणजे मला बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची माहिती असणार, असा त्यांचा समज. प्रश्न असा: "येताना व्हेप आणला तर चालतो का? एकच आहे, स्वतःसाठी."

सरळ उत्तर आहे: नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदी घालणारा अध्यादेश आणण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात, सगळे बंद. 'स्वतःच्या वापरासाठी एक चालेल' अशी सूट आयातीच्या कलमात नाही. दारूच्या बाटल्यांना जशी मर्यादा असते तशी इथे मर्यादाच नाही. संपूर्ण यंत्र असो वा त्याचा सुटा भाग, दोन्ही बंदीत येतात. निकोटिन नसलेले, नुसत्या फळांच्या चवीचे यंत्रही व्याख्येत बसते आणि ई-हुक्का तर नाव घेऊन घातलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. बॅटरीमुळे विमान कंपनी हे यंत्र हातातल्या बॅगेत ठेवायला सांगते, म्हणून लोकांना वाटते की परवानगी आहे. विमानात नेण्याचा नियम वेगळा आणि देशात आणण्याचा कायदा वेगळा. गंमत म्हणजे ज्या २०१९ साली आपण बंदी घातली, त्याच साली संयुक्त अरब अमिरातीने विक्री नियमांच्या चौकटीत बसवून खुली केली. तिकडे दुकानात रीतसर बिल मिळते. ते बिल इथे कस्टम्सवाल्यांना दाखवून काही उपयोग नाही.

इथपर्यंत सोपे. खरी गुंतागुंत यापुढे आहे.

कायद्याच्या यादीत 'वापर' हा शब्द नाही. आणणे गुन्हा, विकणे गुन्हा, साठा करणे गुन्हा. पण ओढणे? त्यावर कायदा गप्प आहे. साठवणुकीच्या कलमात शब्द आहे 'साठा', आणि ती तरतूद जागेचा मालक किंवा ताबा असणाऱ्याला उद्देशून आहे. खिशातले एक यंत्र म्हणजे साठा का? खिशात घेऊन बसस्टॉपपर्यंत चालत जाणे म्हणजे वाहतूक का? २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने अशी भूमिका घेतल्याच्या बातम्या आल्या की कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणे हेही कायद्याचे उल्लंघनच आहे. मंत्रालयाचे मत म्हणून ते ठीक. पण मंत्रालयाचे पत्र म्हणजे संसदेने केलेले कलम नव्हे. ज्या गोष्टीसाठी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, ती गोष्ट कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेली असली पाहिजे. माझ्या कामात एखादी शक्यता लिहायची राहिली तर प्रोग्राम काय करेल ते सांगता येत नाही. कायद्यात राहिली तर काय होईल ते मात्र नक्की सांगता येते: नाक्यावर उभा असलेला माणूस ठरवतो.

आणि नाक्यावर कोणाला थांबवले जाते, हे या मासिकाच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको. माझ्या ऑफिसच्या गच्चीवर व्हेप ओढणारे चांगल्या पगाराचे लोक आहेत, परदेशात प्रोजेक्टवर जाऊन आलेले. त्यांना कोणी हटकत नाही. माझ्या मोहल्ल्यातल्या डिप्लोमा करणाऱ्या एका पोराला मात्र रात्री दुचाकीवरून येताना थांबवले, खिशातले यंत्र काढून घेतले, वर्षभराच्या कैदेची भीती घातली आणि पैसे घेऊन सोडले. पावती नाही, पंचनामा नाही. यंत्राचे काय झाले ते कोणाला ठाऊक नाही. घरी सांगायची सोय नाही, कारण घरी आधी ओढतो म्हणून मार पडणार. तक्रार कोण करणार?

म्हणून दोन गोष्टी घरोघरी माहीत असायला हव्यात. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढल्याबद्दल २००३ च्या तंबाखू कायद्यात जागेवर दंड होऊ शकतो. ई-सिगारेटच्या कायद्यात तशी जागेवर दंड भरून सुटण्याची सोय नाही, दंड न्यायालय ठोठावते. त्यामुळे रस्त्यावर 'फाइन' म्हणून मागितलेली रक्कम फाइन नसते. दुसरे, झडती-जप्तीचा अधिकार कायद्याने फौजदाराच्या, म्हणजे उपनिरीक्षकाच्या, दर्जापासून पुढे दिला आहे. वस्तू जप्त केली तर तिचा कागद मागा. आवाज न चढवता मागा, पण मागा.

आता कोणी म्हणेल, हा इंजिनिअर व्हेपची वकिली करतोय. नाही बाबा. कोवळ्या वयात निकोटिन मेंदूला किती लवकर धरते हे डॉक्टर सांगतातच, आणि आंबा, पुदिना, बबलगम या चवी चाळिशीतल्या बिडीवाल्या चाचांसाठी बनवलेल्या नाहीत. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे यंत्र दप्तरात सापडले तर आईला ते पेन ड्राइव्हच वाटते. मुलांपर्यंत ही वस्तू पोचू नये, याबद्दल माझे दुमत नाही.

पण बंदीने ती थांबली का? कॉलेजजवळच्या टपरीवर ओळखीने मिळते, मोबाइलवर मेसेज टाकला की घरपोच येते. महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि रिकाम्या पुड्या आजही प्रत्येक एसटी स्टँडच्या कोपऱ्यात दिसतात. बंदी असलेल्या मालावर ना वयाची अट, ना आत काय भरले आहे याची तपासणी. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होऊन ६८ लोक मेले. तपासात मुख्य संशय गेला तो अनधिकृत बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर. आपल्याकडे अख्खा बाजारच अनधिकृत आहे.

शिवाय ज्याने दरवर्षी लाखो माणसे मरतात ती सिगारेट कायदेशीर, बिडी कायदेशीर. सोलापुरात बिड्या वळून हजारो बायका घर चालवतात, तो प्रश्न रोजगाराचा आहे हे मला समजते. पण देशातल्या सर्वात मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचा सुमारे १५ टक्के वाटा आहे, तो कोणत्या मजबुरीतून? २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक खाणारे. माझ्या ओळखीत मिश्रीने दात घासणाऱ्या आजी आहेत. त्यांच्यासाठी अध्यादेश काढायची घाई कोणालाच झाली नाही.

मला हवे आहे ते फार मोठे नाही. कायद्यात एका ओळीची दुरुस्ती करून सांगा की स्वतःच्या वापराचे एक यंत्र जवळ असणे हा गुन्हा आहे की नाही. माझे मत: फौजदारी गुन्हा नसावा. अठराच्या आतल्या मुलाकडे सापडले तर पालकांना बोलवा, समुपदेशकाकडे पाठवा, पोलीस ठाण्यात नेऊ नका. कंटेनर भरून माल आणणारा आणि शाळेजवळ विकणारा यांच्यामागे सगळी ताकद लावा. त्यांच्यासाठी आज असलेली शिक्षा पुरेशी आहे, वापरली तर. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ हिंदी, मराठी, उर्दू, मल्याळममध्ये एक फलक लावा आणि शेजारी टाकून द्यायला एक पेटी ठेवा. आखातातून दोन वर्षांनी घरी येणाऱ्या मजुराला ही बंदी कस्टम्सच्या टेबलावर पहिल्यांदा कळते, ही काही चांगली पद्धत नाही.

तोवर मावसभावाला मी सांगितले आहे, तिकडेच ठेवून ये. येताना खजूर आण.