छातीवरची मोकळी जागा

गेल्या पावसाळ्यात एक दिवस मी निळ्या-लाल पट्ट्यांची जर्सी घालून वर्गात आलो होतो. हजेरी घेता घेता आमच्या सरांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "काय रे, या कंपनीत नोकरी लागली वाटते?" वर्ग हसला. माझ्या छातीवर मोठ्या अक्षरांत 'स्पॉटिफाय' असे छापलेले होते. मी म्हणालो, "नाही सर, ही बार्सिलोना क्लबची जर्सी आहे." सर म्हणाले, "असे होय! मग क्लबचे नाव कुठे आहे?" क्लबचे चिन्ह होते, डाव्या बाजूला, लहानसे. मी त्यावर बोट ठेवून दाखवले आणि खाली बसलो. पण सरांचा प्रश्न काही मनातून जाईना. हा लेख म्हणजे त्यांना दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

बार्सिलोना ही स्पेनमधील कातालोनिया प्रांताची राजधानी. हान्स गाम्पर नावाच्या एका स्विस तरुणाने १८९९ च्या नोव्हेंबरात तेथे हा क्लब काढला. आरंभीची जर्सी पट्ट्यांची नव्हतीच. अर्धे अंग निळे, अर्धे लाल, आणि खाली पांढरी चड्डी. पुढे चड्डी काळी झाली, मग निळी झाली. उभे पट्टेही नंतरचे. हेच दोन रंग का, याबद्दल तीन कथा सांगतात. गाम्पर पूर्वी बाझेलच्या क्लबकडून खेळला होता, त्या क्लबचे हे रंग, ही एक. इंग्लंडमधल्या एका शाळेचे हे रंग, ही दुसरी. आणि एका टोकाला निळे, दुसऱ्या टोकाला लाल शिसे असलेल्या हिशेबाच्या पेन्सिलीवरून हे रंग सुचले, ही तिसरी. मला तिसरी कथा खरी असावीशी वाटते, कारण तिच्यात मोठेपणाचा आव सर्वांत कमी आहे.

पण या साध्या रंगांना पुढे जो अर्थ आला तो काही साधा नव्हता. स्पेनमधील यादवी युद्ध १९३९ साली संपले आणि जनरल फ्रँकोची हुकूमशाही आली. कातालान भाषेला सार्वजनिक जीवनात बंदी झाली, ध्वजावर बंदी आली. क्लबच्या चिन्हात कातालोनियाच्या ध्वजाचे चार लाल पट्टे होते. त्यांतले दोन काढून टाकण्यात आले. क्लबचे नावही स्पॅनिश वळणाचे करण्यात आले. विचार करा, ज्या राजवटीच्या हाती सैन्य आणि तुरुंग होते, तिला खेळाडूच्या छातीवरचे दोन इवलेसे पट्टे खुपले! ते पट्टे १९४९ मध्ये, क्लबच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, परत आले. मूळ नाव परत यायला १९७० चे दशक उजाडावे लागले. ज्या काळी ध्वज फडकवता येत नव्हता, त्या काळी लोक मैदानावर जाऊन निळा-लाल रंग पाहून येत. आपण क्लबपेक्षा अधिक काही आहोत, असे हा क्लब म्हणवून घेतो, त्याच्यामागे हा सारा इतिहास आहे.

इकडे युरोपात दुसरेच वारे वाहू लागले होते. १९७३ साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग संघाने एका मद्याची जाहिरात छातीवर घेतली. नियम आड येत होते, म्हणून त्यांनी क्लबच्या चिन्हातला सिंहच काढला आणि तेथे मद्याच्या बाटलीवरचे हरिण आणून बसवले. (सिंहाला हरणाने हुसकावल्याचे हे उदाहरण पंचतंत्रातही सापडायचे नाही!) १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या छातीवर जपानी कंपनीचे नाव आले. मग एकेक करीत सगळेच त्या रांगेत उभे राहिले. स्पेनमधल्या मोठ्या क्लबांपैकी बिल्बाओ आणि बार्सिलोना हे दोघे बराच काळ बाहेर राहिले. बार्सिलोनाच्या जर्सीवर कारखानदाराचे छोटे चिन्ह आले, पुढे बाहीवर एका दूरचित्रवाणी वाहिनीचे नावही आले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण छाती मोकळी राहिली. शंभराहून अधिक वर्षे मोकळी राहिली.

या जर्सीविषयीची माझी सर्वांत आवडती गोष्ट १९९२ ची आहे. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरोपियन चषकाचा अंतिम सामना होता आणि त्या दिवशी संघ नारिंगी जर्सीत खेळला. जादा वेळेत कूमनने फ्री किकवर गोल केला आणि क्लबने हा चषक प्रथमच जिंकला. पण चषक हाती घ्यायला जाण्यापूर्वी खेळाडूंनी नारिंगी जर्सी उतरवून निळी-लाल जर्सी अंगात घातली. चषक उचलायचा तर तो आपल्या रंगांत. ती छायाचित्रे पाहताना माझी नजर दर वेळी त्या कोऱ्या छातीवरच जाते.

मग २००६ साल आले. छातीवर 'युनिसेफ' हे नाव झळकले. नवल असे की पैसे घ्यायचे नव्हते, द्यायचे होते. क्लब या संस्थेला दरवर्षी पंधरा लाख युरो देणार होता. साऱ्या जगाने वाहवा केली. मीही केली असती. तेव्हा मी फार लहान होतो. आज मात्र वाटते, त्या चांगल्या नावानेच आमच्या डोळ्यांना सवय लावली. छातीवर काहीतरी लिहिलेले असते, हे एकदा अंगवळणी पडले, की पुढे कोणते नाव आहे हे पाहायला कोण थांबतो? २०१० च्या डिसेंबरात कतारमधल्या एका प्रतिष्ठानाशी करार जाहीर झाला, तोही कोट्यवधी युरोंचा. युनिसेफची रवानगी पाठीवर झाली. योहान क्रायफने, ज्याच्यावाचून या क्लबचा इतिहास लिहिताच येणार नाही त्याने, उघड विरोध केला. ऐकले कोणी नाही. २०१३ मध्ये प्रतिष्ठानाच्या जागी विमान कंपनी आली, २०१७ मध्ये जपानी व्यापारी कंपनी, २०२२ मध्ये गाणी ऐकवणारी कंपनी. या शेवटच्या कंपनीचे नाव तर मैदानालाही मिळाले. त्याच वर्षी एका सामन्यात छातीवर कॅनडातल्या एका रॅप गायकाचे घुबडही येऊन बसले. शिवाय दर वर्षी नवी जर्सी विकायची, म्हणून पट्ट्यांचेही हाल: २०१५ मध्ये ते आडवे झाले, २०१९ मध्ये त्यांचे चौकोन झाले.

कुणी म्हणेल, पैसा लागतोच. माझा एक मित्र पेठेच्या संघात खेळतो. त्याला हे सगळे ऐकवले तेव्हा तो म्हणाला, "तुला बोलायला काय जातंय? आमच्या जर्सीवर पुरस्कर्त्याचं नाव नसतं, तर आम्ही अनवाणी खेळलो असतो." त्याचे म्हणणे मला पटते. गरजेपोटी घेतलेल्या नावाला मी नावे ठेवणार नाही. पण बार्सिलोना हा काही गरीब क्लब नव्हता, आणि तो कुणा एका धनिकाच्या मालकीचाही नव्हता. त्याचे मालक त्याचे हजारो सभासद. आणि छाती विकून काय साधले? २०२१ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्षांनी सांगितलेला कर्जाचा आकडा एकशे पस्तीस कोटी युरोंचा होता, आणि त्याच महिन्यात मेस्सी रडत रडत क्लब सोडून गेला. कर्जाची कारणे निराळी आहेत, जर्सीचा त्यात दोष नाही, हे मला कळते. पण जे विकून घर सावरणार होते, ते विकूनही घर सावरले नाही, एवढे तरी म्हणता येईल की नाही?

सरांच्या त्या प्रश्नानंतर मी महाद्वार रोडवरच्या त्या गाडीवर पुन्हा गेलो, जिथून तीनशे रुपयांना ही जर्सी घेतली होती. म्हटले, "हीच जर्सी द्या, पण छातीवरचे नाव नको." गाडीवाल्याने दोन गठ्ठे उलथेपालथे केले, माझ्याकडे जरा संशयाने पाहिले आणि म्हणाला, "तसला माल येत न्हाई, भावा. नावाबिगर ती ओरिजिनल वाटत न्हाई."