बिनपगारी कुलूपवाले

पूर्वपक्ष असा आहे. ऑनलाइन खासगीपणा ही गंभीर बाब. ती राखणारं सॉफ्टवेअर हौशी मंडळींनी नोकरी सांभाळून, रात्री जागून, बिनपगारी लिहायचं आणि त्याच्या भरवशावर पत्रकारांनी, वकिलांनी, हुकूमशाहीतल्या विरोधकांनी जीव टांगायचा, हा पोरखेळ झाला. ज्याला पगार नाही त्याला जबाबदारी नाही. वर त्याचा कोड सगळ्या जगाला उघडा, म्हणजे चोराच्या हाती कुलपाचा नकाशाच. आणि शेवटी असली साधनं वापरतं कोण, तर गुन्हेगार. आयटीतल्या जाणत्या माणसांकडून हे इतक्या ठामपणे ऐकायला मिळतं, की ऐकणाऱ्याला आपणच भोळे आहोत असं वाटू लागतं. समारोपाचं वाक्य ठरलेलं: चांगलं हवं तर पैसे मोजा.

तर मग पैसे मोजणाऱ्यांचीच हकिकत घेऊ. क्रिप्टो एजी ही स्वित्झर्लंडमधली कंपनी. देश तटस्थ, माल महाग, कारागिरी उत्तम. संदेश गुप्त ठेवणारी तिची यंत्रं अनेक दशकांत शंभरावर देशांच्या सरकारांनी विकत घेतली. भारत आणि पाकिस्तान हे दोघेही त्या गिऱ्हाइकांत होते. २०२० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मन-स्विस वाहिन्यांनी कागदपत्रांनिशी उघड केलं, की १९७० पासून ही कंपनी गुपचूप अमेरिकेच्या सीआयएच्या आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याच्या मालकीची होती. यंत्रं मुद्दाम कच्ची ठेवलेली असत. सरकारं पैसे मोजून आपली गुपितं परक्याच्या हवाली करत होती. कुजबुज अधूनमधून झाली, पण पुराव्यानिशी सगळं बाहेर यायला पन्नास वर्षं लागली. पगार होते, करार होते, विक्रीनंतरची सेवासुद्धा होती. यंत्र उघडून तपासायची मुभा मात्र गिऱ्हाइकाला नव्हती.

आता आक्षेपकांचं लाडकं उदाहरण. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक साधन आहे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांत ते कुठेतरी असतंच. त्याची देखभाल एक माणूस एकट्याने, विनामोबदला करत होता. २०२१ पासून ‘जिआ तान’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं. मदत खरीच उपयोगी होती. इतर काही नावांनी त्या दमलेल्या देखभालकर्त्यावर ‘जमत नसेल तर दुसऱ्याला दे’ असा दबावही आला. हळूहळू तानच्या हाती अधिकार गेले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या ५.६.० आवृत्तीत दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्याचा चोरदरवाजा बसवला गेला. आक्षेपक इथे थांबतात आणि विजयी मुद्रेने पाहतात.

पुढचं सांगायचं राहून जातं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरमध्ये शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. खटकलं म्हणून त्याने मागोवा घेतला, आणि कोड उघडा असल्यामुळे तो मुळापर्यंत पोचू शकला. २९ मार्चला सगळ्या जगाला इशारा गेला. तिकडे पन्नास वर्षं, इकडे जेमतेम पाच आठवडे. हे नशीब होतं असं कुणी म्हटलं तर मान्य. पण ज्या घराला दारच नाही तिथे नशीबही येऊ शकत नाही.

मात्र ‘कोड उघडा म्हणजे हजारो डोळे पाहतात’ ही आमच्या बाजूची आवडती थाप आहे, आणि तीही खोडून काढायला हवी. २०१४ मध्ये सापडलेली हार्टब्लीड ही चूक ओपनएसएसएलच्या उघड्या कोडमध्ये दोन वर्षं सुखाने नांदत होती. जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांचे सुरक्षित व्यवहार त्या कोडवर चाललेले, आणि प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर! ईमेल कूटबद्ध करणारं जीएनयूपीजी १९९७ पासून सांभाळणारा वेर्नर कॉख पैशांअभावी काम सोडण्याच्या बेतात आला होता. २०१५ मध्ये त्याची कथा छापून आल्यावर कंपन्यांना जाग आली आणि देणग्या सुरू झाल्या. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्यांनीच बीळ ठिसूळ असल्याची तक्रार करावी, याला काय म्हणायचं? बिनपगारी काम कच्चं असतं असं या प्रकरणांतून निघत नाही. ज्याच्यावर सगळ्यांचं चालतं त्याला एकटं टाकलं की काम कच्चं राहतं, एवढंच निघतं.

गुन्हेगारांचा मुद्दा. टॉर या जाळ्यामागची कल्पना नव्वदच्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. तुमचा संदेश तीन वेगवेगळ्या यंत्रांवरून जातो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठे चाललात ते कळतं, दोन्ही गोष्टी एकालाही कळत नाहीत. नौदलाने हे स्वतःपुरतं का ठेवलं नाही? कारण जाळं फक्त नौदल वापरत असेल, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच, हे शेंबडं पोरही सांगेल. लपायला गर्दी लागते आणि गर्दीत बायका, विद्यार्थी, वार्ताहर, रुग्ण, चोर, पोलीस सगळे असतात. म्हणून २००२ पासून कोड खुला झाला, आणि जगभरचे स्वयंसेवक आपल्या खर्चाने हजारो यंत्रं चालवू लागले. सरकारी पैसा टॉरला वर्षानुवर्षं मिळत आला, यावरही नाकं मुरडली जातात. मुरडावीत, पण कोड वाचायला उघडा आहे, संशय असेल तर ओळ दाखवा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. २०२३ च्या मे महिन्यात दहशतवादी वापरतात म्हणून चौदा संदेश-ॲपांवर बंदी आली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही खुल्या कोडची ॲपंही होती. ब्रायर इंटरनेट नसतानाही ब्लूटूथवरून जवळच्या फोनशी बोलतं. पुरात टॉवर पडल्यावर याचा काय उपयोग होईल, ते कोल्हापूर-सांगलीकरांनी ठरवावं.

आता मंडन. स्वयंसेवक नेमकं करतात काय, हे पाहिलं तर पोरखेळाचा आरोप आपोआप गळतो. रशियाने २०२१ च्या डिसेंबरात टॉर अडवलं, २०२२ च्या सप्टेंबरात इराणमध्ये निदर्शनं पेटली आणि तिथेही इंटरनेटची अडवणूक झाली; दोन्हीकडे स्नोफ्लेक नावाचं साधन कामी आलं. परदेशातला कुणी आपल्या ब्राउझरला एक छोटी जोड लावतो, आणि अडवलेल्या देशातला माणूस त्याच्या ब्राउझरमार्गे टॉरपर्यंत पोचतो. पहारेकऱ्याला दिसतं ते व्हिडिओ कॉलसारखं. असे मध्यस्थ क्षणाक्षणाला येतात-जातात, त्यामुळे यादी करून ते बंद करता येत नाहीत. असं जाळं एखादी कंपनी पगारावर उभं करू शकणार नाही. तिचे सर्व्हर मोजके असतात आणि मोजके म्हणजे सापडणारे.

दुसरं काम त्याहून नीरस आणि त्याहून मोलाचं. कोड उघडा असला तरी उतरवून घेतलेली फाइल त्याच कोडपासून बनली कशावरून? एक्सझेडमध्ये चोरदरवाजा जागा करणारा तुकडा उघड्या भांडारात नव्हताच, तो प्रकाशित गठ्ठ्यात घुसवला होता. टॉर ब्राउझरच्या मंडळींनी २०१३ पासूनच अशी बांधणी बसवली, की कुणीही आपल्या घरी तोच कोड बांधला तर तंतोतंत तीच फाइल तयार व्हावी. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. त्यावर रील बनत नाही.

आणि म्हणून माझी खरी तक्रार आपल्याच पोरांशी आहे. गूगलच्या समर ऑफ कोड या खुल्या कोडच्या उन्हाळी उपक्रमात वर्षानुवर्षं भारतीय सर्वाधिक संख्येने असतात. टॉरनेही त्यात अनेकदा मुलं घेतली. (जाहिरातीसाठी आपली माहिती गोळा करणारी कंपनी खासगीपणाच्या कामाला विद्यावेतन देते, ही गंमत वेगळी.) उन्हाळा संपला, प्रमाणपत्र मिळालं, रेझ्युमेत ओळ चढली, की बरेच जण परत फिरकत नाहीत. प्रकल्पांना नवं वैशिष्ट्य आणणारे पुष्कळ मिळतात; जुन्या तक्रारी निस्तरणारा, दुसऱ्याचा कोड तपासणारा, मदतीची पानं मराठीत लिहिणारा, तिसऱ्या वर्षीही हजर असणारा मिळत नाही. जिआ तान तीन वर्षं टिकला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रामाणिक माणसं तेवढी टिकत नसतील तर जागा कोण घेणार?

यावर उपाय आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या हातात आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हजेरीपटाचं सॉफ्टवेअर दरसाल नव्याने लिहून, काळ्या बांधणीत ठोकून कपाटात टाकण्यापेक्षा, अशा एखाद्या प्रकल्पात स्वीकारल्या गेलेल्या चार दुरुस्त्यांना गुण द्या. मार्गदर्शक विचारतात, मुलाने स्वतः केलं कशावरून? इथे प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली आणि कोणत्या परक्या माणसाने तिच्यावर काय शेरा मारला, हे सगळं उघड्यावर नोंदलेलं असतं. काळ्या बांधणीतल्या प्रकल्पाबद्दल तोच प्रश्न विचारण्याचं धाडस त्यांनी एकदा करून पाहावं.