‘केजीओ’चे मौन आणि एएम रेडिओचे भवितव्य

सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘केजीओ ८१०’ या एएम नभोवाणी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये चर्चात्मक कार्यक्रम अचानक थांबवले आणि क्रीडा-सट्ट्याचा मार्ग धरला. जनरल इलेक्ट्रिकने १९२४ मध्ये ओकलंड येथून सुरू केलेले हे ५० किलोवॅटचे केंद्र सुमारे तीन दशके तेथील श्रोतृसंख्येत अग्रस्थानी होते. या ऱ्हासाचे खापर केवळ इंटरनेटवर फोडता येणार नाही. क्युम्युलस या नव्या मालक कंपनीने २०११ मध्येच बहुतेक निवेदकांना दूर करून बातम्यांवर भर दिला. दूरध्वनीवरून वाद घालणारा श्रोता तेव्हाच दुरावला. मोटारींत एएम रेडिओ अनिवार्य करू पाहणारे विधेयक अमेरिकी काँग्रेससमोर आले, तेही मुख्यतः आपत्कालीन सूचनांसाठी. स्थानिक चर्चेबाबत त्यात कोणतीही तरतूद नाही.