"बस्स, दोनच?"

"तुमच्यात दोनच?" हा प्रश्न मला गेल्या पंधरा वर्षांत इतक्यांदा विचारला गेलाय की आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो. विचारणारे वाईट नसतात. शाळेतले सहकारी, शेजारच्या काकू, एसटीत शेजारी बसलेली एखादी बाई. 'तुमच्यात' या एका शब्दात सगळं येतं. गंमत म्हणजे आमच्या नात्यातल्या बायकाही हेच विचारतात, फक्त 'तुमच्यात' गाळून. "बस्स, दोनच?"

दोन्हीकडच्या लोकांनी एकदा आकडे बघायला हवेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशातल्या मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, हिंदू बाईमागे ३.३. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे आकडे अनुक्रमे २.४ आणि १.९ वर आले. म्हणजे सगळ्यात वेगाने घट झाली ती आमच्याच घरांत. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात, महाराष्ट्राचा एकूण आकडा १.७ आहे. मुस्लिमबहुल जम्मू-काश्मीरचा १.४, आणि बिहारचा ३.०. एकही इयत्ता न शिकलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. तेव्हा प्रश्न धर्माचा कमी आणि शाळेचा, दवाखान्याचा जास्त आहे, हे शिक्षिका म्हणून मी पैजेवर सांगेन. तरी व्हॉट्सअॅपवर 'पाच बायका पंचवीस पोरं' फिरतंच. त्याला माझा इलाज नाही.

आमच्याच घरात बघा. दादीला नऊ मुलं झाली, जगली पाच. अम्मीला पाच, पाचही जगली. आम्हाला दोन. दादीचं कमी शिक्षण किंवा जास्त श्रद्धा हे त्या नवाचं कारण नव्हतं. चार मातीत घातली होती, म्हणून नऊ. लस आली, दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली, तेव्हा अम्मीच्या पिढीला मोजून मुलं होऊ देण्याची हिंमत आली. इथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे.

पुढची तशी नाही. माझी भाची पुण्यात नोकरी करते, नवराही करतो. लग्नाला सहा वर्षं झाली. तिला मूल नको असं नाही. रस्त्यात कुणाचंही बाळ दिसलं की ही थांबते. ईदला आली होती तेव्हा मीच विषय काढला. म्हणाली, "पैसे का देख लेंगे खाला. रात को कौन उठेगा?"

मला यावर पटकन काही सुचलं नाही, कारण मी बी.एड. केलं तेव्हा माझा मोठा दीड वर्षाचा होता आणि रात्री अम्मी उठत होती. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अम्मी नाही. मोहल्ला नाही. आमच्या लहानपणी पोर सकाळी घराबाहेर पडायचं ते जेवायलाच परत; कुणाच्या घरी खाल्लं, कुणाचा मार खाल्ला, आईला पत्ता नसायचा. आता मूल म्हणजे पूर्णवेळचं खातं झालंय. नर्सरीचा प्रवेश, शाळेची व्हॅन, अॅबॅकस, प्रोजेक्टचा थर्माकोल, आणि वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, ज्यात एकाही बापाचा नंबर नसतो. हे फक्त नोकरदारांचं नाही. माझ्या वर्गातल्या रिक्षावाल्याचा धाकटा आता इंग्रजी शाळेत जातो, फीसाठी आई रात्री शिलाई करते. त्या बाईने मला सांगितलं, तिसरं आता कुठलं मॅडम. आमच्या उर्दू शाळेत पूर्वी पहिलीच्या दोन तुकड्या होत्या, आता एक भरायची मारामार. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, तेव्हा हा विषय माझ्या पगारापर्यंत पोचतो, हेही सांगून टाकते.

कुणी म्हणेल, रिज्क अल्लाह देतो. देतोच, माझाही ईमान त्यावर आहे. पण संततिनियमनाची चर्चा इस्लामला नवी नाही. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी 'इह्या'मध्ये ती सविस्तर केली आणि संसाराचा भार हेही कारण गैर मानलं नाही. आणि कुरआनात जिथे आईने दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तिथेच तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. पैगंबर साहेब घरात असत तेव्हा घरकामाला हात लावत, हे हजरत आयशांनी सांगितलेलं आहे. जुम्म्याच्या बयानात मुलं वाढवायच्या सवाबाबद्दल ऐकू येतं. ही हदीस मात्र मी क्वचित ऐकली. मर्दांच्या मजलिसीत सांगत असतील तर माहीत नाही, मला तिथे बोलावत नाहीत.

सरकारांचं तर वेगळंच. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत लढवता येत नाही. आणि २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू जास्त मुलं होऊ द्या म्हणाले, त्याच वर्षी नागपुरात सरसंघचालकांनी तीनचा सल्ला दिला. कालपर्यंत आम्हाला ज्याबद्दल टोमणे होते, तो आज देशाचा उपाय! बरं, ही मुलं सांभाळणार कोण, यावर दोघांकडेही काही नाही. २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे, पण ती पगारपत्रक असलेल्या बाईला. मालेगावच्या कारखानदाराकडे, सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बाईला कसली रजा? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी नोकरीतल्या बापासाठी तेवढाही कायदा नाही.

माझी आपा दर जुम्म्याला पुण्याला फोन करते आणि लेकीला तोच एक प्रश्न विचारते. मी तिला म्हटलं, या वेळी जावयाला फोन लाव आणि विचार, तू किती दिवस रजा घेणार, रात्री कितीदा उठणार. आपाने खरंच लावला. अशी रजा त्याच्या कंपनीत आहे की नाही, हेच त्याला ठाऊक नव्हतं. सोमवारी विचारून सांगतो म्हणाला.