शस्त्र उचलणाऱ्याने हिशेब दिलाच पाहिजे!

सीमेवर जरा ठिणगी उडाली की नातेपुत्याच्या चौकात, एसटी स्टँडवर, प्रत्येक मोबाइलवर एकच गर्जना सुरू होते: घुसा, ठोका, बेचिराख करा! मरायला दुसऱ्याचा पोरगा जाणार असला की अशी गर्जना फार सोपी असते. माउलींची पालखी जिथे मुक्कामाला उतरते त्या गावाने तरी हे खपवून घेऊ नये.

शस्त्र कधीच उचलू नये, असे आम्ही म्हणत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी आपल्याच सोलापुराकडून भारतीय फौजा हैदराबादच्या निजामाच्या मुलखात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. ते बळ न्याय्य होते! निजामाशी 'जैसे थे' करार झाला होता, महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या होत्या. तरी निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेची जाळपोळ थांबेना. लोक घरदार सोडून आपल्या हद्दीत येत होते. रझाकारांविरुद्ध लिहिणारा तरुण संपादक शोएबुल्ला खान ऑगस्टमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर मारला गेला. तो मुसलमान होता, हे विसरू नका. अशा वेळी हात बांधून बसणे हा जनतेचा विश्वासघात ठरला असता.

१७ सप्टेंबरला निजाम शरण आला. पण त्या दिवसांत आणि त्यानंतर उस्मानाबाद, लातूर, बीदर, गुलबर्गा, नांदेड भागांत काय घडले? नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून सांगितले की, किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान; काही ठिकाणी लुटीत गणवेशातले हातही होते. हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजारी वाचवल्याचेही तिने नोंदवले. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच्यावर खटला चालला, त्याला शिक्षा झाली, ती योग्यच होती. समितीचा अहवाल मात्र कित्येक दशके दडपून ठेवला गेला!

हे बोलले की रझाकारांचे पाप झाकले जाते, अशी ओरड होते. साफ खोटे! रझाकाराच्या खुनाची सजा निरपराध शेजाऱ्याला देणे हा न्याय नव्हे, दुसरा खून आहे. कारण न्याय्य होते म्हणून पुढचे सगळे माफ होत नाही.

आणि कारणच खोटे असेल तर? २००३ मध्ये महासंहारक अस्त्रांचे नाव घेऊन अमेरिकेने इराकवर फौजा घातल्या. ती अस्त्रे सापडलीच नाहीत, देश मात्र उद्ध्वस्त झाला.

आपल्या संविधानाचे ५१वे कलम आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटायला सांगते. पण युद्ध पुकारण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे बंधन संविधानात कुठेही नाही. हे बंधन घाला! हल्ला अंगावर आला तर सरकारने तत्काळ प्रतिकार करावा. स्वतःहून फौज पाठवायची असेल तर आधी पुरावा संसदेपुढे ठेवावा, आणि नंतर मेलेल्या प्रत्येक नागरिकाचा, मग तो शत्रूकडचा का असेना, हिशेब जाहीर करावा. नातेपुतेकरांनो, मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाकडून याचे उत्तर घ्या.