नगरच्या कॅम्पात दारं अनेक. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरासाठी त्यातलं कोणतं उघडणार?

पाथर्डी, पारनेर किंवा श्रीगोंद्याच्या एखाद्या गावातून पहाटेच्या एसटीनं निघालेली माजी सैनिकाची पत्नी दहाच्या सुमारास नगरच्या कॅम्पात पोचते. हातात पिशवी, पिशवीत पेन्शनची कागदं. पहिल्या गेटवरचा जवान सांगतो, "हे काम इथं नाही." दुसऱ्या कचेरीत तेच उत्तर मिळतं. दुपार होते आणि परतीची गाडी गाठायची वेळ येते. यात कुणी मुद्दाम अडवलेलं नसतं. गावाच्या लेखी कॅम्प म्हणजे एकच घर, पण त्या घरात चुली वेगवेगळ्या आहेत, आणि कोणती चूल कुणाची हे बाहेर कुणी सांगत नाही.

कॅम्पातली मोठी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. १९४८ पासून इथं असलेलं रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र म्हणजे एमआयआरसी, आणि गाड्यांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई. पण गावातल्या माणसाचा रोजचा संबंध रणगाड्याशी येत नाही. तो येतो दवाखाना, कॅन्टीन, पेन्शन, बांधकामाची कामं आणि भरती यांच्याशी. ही सगळी लष्कराच्या पाठीमागची यंत्रणा आहे, आणि सध्या बदल होतोय तो तिथंच.

आधी दवाखाना. लष्करी रुग्णालय हे मुख्यतः नोकरीत असलेल्या जवानांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी. निवृत्तांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही वेगळी योजना आहे आणि तिचा पॉलिक्लिनिकही वेगळा. तिथं तपासणी होते, औषध मिळतं, आणि मोठा आजार असेल तर पॅनेलवरच्या खाजगी हॉस्पिटलची चिठ्ठी मिळते. गोंधळ होतो तो या चिठ्ठीवर. चिठ्ठी न घेता थेट हॉस्पिटल गाठलं तर बिल अडकतं. जिवावर बेतलेल्या प्रसंगी थेट दाखल करता येतं, पण दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. खेड्यात हार्ट अटॅक आला की घरचे जवळचं हॉस्पिटल गाठतात, ते बरोबरच आहे. कळवायचं मात्र राहून जातं आणि मग लाखाचं बिल घेऊन फिरायची वेळ येते. नोकरीत असलेल्या पोरानं किंवा पुतण्यानं हा एक नियम घरात भिंतीवर लिहून ठेवला तरी पुष्कळ होईल.

पेन्शनचं काम तर कॅम्पात नाहीच म्हणायला हरकत नाही. आता ते 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेलंय आणि तिचा कारभार प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडं आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. हा दाखला गावाजवळच्या सीएससी केंद्रावर अंगठा लावून देता येतो, त्यासाठी नगरला यायची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय लष्कराचं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ते राज्य सरकारचं आहे. मुलांची शिष्यवृत्ती, विधवांना मदत, माजी सैनिकाचं ओळखपत्र ही कामं तिथली. गेटवरच्या जवानाला याची माहिती नसली तर त्याचा दोष नाही.

कॅन्टीनचंही असंच. माल पुरवणारं सीएसडी खातं संरक्षण मंत्रालयाचं, पण समोरचं दुकान चालवते ती तिथली युनिट. त्यामुळं दुकानात काम करणारी आसपासच्या गावांतली पोरं स्वतःला सरकारी नोकर समजत असतील तर ते खरं नाही. युनिटच्या कॅन्टीनमधले कर्मचारी सरकारी नोकर ठरत नाहीत, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २००९ साली दिलाय. एमईएस म्हणजे लष्कराचं बांधकाम आणि वीज-पाण्याचं खातं. तिथल्या टेंडरवर काम घेणाऱ्या ठेकेदाराकडं लागलेला गवंडी किंवा वायरमन हा ठेकेदाराचा माणूस. 'मिलिटरीत कामाला आहे' हे वाक्य सोयरीक जमवताना फार चालतं, पण पगाराची चिठ्ठी कुणाच्या नावानं निघते ते आधी बघावं.

ही पाठीमागची यंत्रणा गेल्या काही वर्षांत आक्रसत चालली आहे. देशभरातल्या मिलिटरी फार्मांचं उदाहरण घ्या. १८८९ साली अलाहाबादला पहिला फार्म निघाला, आणि १३२ वर्षांनी, ३१ मार्च २०२१ ला, सगळे बंद झाले. जवानांना स्वतःच्या गोठ्यातलं दूध पाजण्यापेक्षा बाजारातून घेणं स्वस्त, हा हिशेब त्यामागं होता. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण त्या गोठ्यांवर वैरण, शेण, मजुरी या निमित्तानं आसपासच्या माणसांचं जे येणं-जाणं होतं, ते संपलं.

कॅन्टोन्मेंट बोर्डाचंही तसंच चाललंय. राज्यात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, औरंगाबाद आणि नगर अशी सात बोर्डं. नागरी वस्ती शेजारच्या नगरपालिकेला किंवा महापालिकेला जोडायची, असं केंद्राचं धोरण आहे. २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. त्याच वर्षी ३० एप्रिलला जाहीर झालेली बोर्डांची निवडणूक रद्द करण्यात आली. भिंगारमध्ये दुकान किंवा भाड्याची खोली असलेल्या खेड्यातल्या माणसाला उद्या कर कुठं भरायचा आणि परवाना कुणाकडून घ्यायचा, हा प्रश्न आहे.

पण सगळ्यात मोठा बदल भरतीतला. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. आधी जवान पंधरा वर्षं काढायचा आणि पेन्शन घेऊन गावी यायचा. सोबत ईसीएचएसचं कार्ड, कॅन्टीनचं कार्ड आणि 'माजी सैनिक' हा शिक्का. घरातल्या म्हाताऱ्यांचं औषधपाणी त्या एका कार्डावर निघायचं. दुष्काळी तालुक्यात हा आधार विहिरीच्या पाण्यापेक्षा खात्रीचा होता. अग्निवीराला चार वर्षांनंतर सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. यातली निम्मी रक्कम त्याच्याच पगारातून दरमहा कापलेली असते. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. तुकडीतले फार तर २५ टक्के कायम होतात.

म्हणजे ज्या एमआयआरसीच्या मैदानावर तो शपथ घेतो, त्याच कॅम्पातल्या दवाखान्याचं आणि कॅन्टीनचं दार चार वर्षांनी त्याला बंद. केंद्रीय सुरक्षा दलांत आरक्षण जाहीर झालंय, त्याचा काहींना उपयोग होईल. पण तिथं गेलेल्या पोराच्या आई-बापाला पॉलिक्लिनिकचं कार्ड मिळणार नाही.

भरतीबद्दल एक गैरसमज इथंच सांगायला हवा. प्रशिक्षण केंद्र नगरात असलं तरी जिल्ह्याची भरती पुण्याच्या सैन्य भरती कार्यालयाकडून होते. आधी ऑनलाइन अर्ज आणि ऑनलाइन लेखी परीक्षा, त्यानंतर मैदान. जवान आणि माजी सैनिकांच्या मुला-भावांसाठी केंद्रांवर वेगळ्या कोट्याच्या भरत्या निघतात, एवढाच काय तो अपवाद. त्यामुळं भिंगारच्या चहाच्या टपरीवर 'आत ओळख आहे' म्हणून पैसे मागणाऱ्याला पाच रुपयेसुद्धा देऊ नयेत.

पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. पंचविशीच्या आतबाहेरचा पोरगा, बँकेत अकरा लाख आणि घरी दोन एकर कोरडवाहू. राज्यात २०२० पासून माजी सैनिकांना ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ आहे. हा पोरगा ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन आला आणि 'माजी सैनिक आहे का?' हा रकाना समोर आला, तर ग्रामसेवक त्यात काय लिहिणार? हा प्रश्न गावकऱ्यांनी येत्या ग्रामसभेत विचारून ठेवावा. ठरावाची नक्कल जिल्हा परिषदेला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवता येते.