सूत्र चोरीला जात नाही!

पदार्थविज्ञान आणि हेरगिरी यांची सांगड घालणारी पहिली कादंबरी लिहायला बसलेला लेखक बहुधा एकाच मळलेल्या वाटेने निघतो. पहिल्या प्रकरणात एक वृद्ध, विक्षिप्त शास्त्रज्ञ असतो. दुसऱ्या प्रकरणात त्याचा खून होतो. तिसऱ्या प्रकरणात तिजोरी उघडी सापडते आणि एक कागद नाहीसा झालेला असतो. त्या कागदावर काय होते? तर एक सूत्र! मग त्या कागदामागे दोन देशांचे हेर, एक सुंदर तरुणी आणि शास्त्रज्ञाचा एक देखणा शिष्य मुंबईपासून जिनिव्हापर्यंत धावतात. शेवटी कागद जळतो आणि जग वाचते.

असल्या कादंबरीत धावाधाव आहे, पिस्तुले आहेत, वेषांतरे आहेत, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. बहिर्जी नाइकांच्या कथा ऐकत वाढलेल्या आणि बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार उशीखाली ठेवून झोपलेल्या मराठी माणसाने हेरकथेला नाक मुरडणे म्हणजे ढोंग आहे. आमची तक्रार त्या कागदाविषयी आहे. तो कागद खोटा आहे. आणि तो खोटा असल्यामुळे त्याच्यामागे धावणारी सगळी माणसेही खोटी होतात.

निसर्गाचा नियम कोणाच्या तिजोरीत राहत नाही. इंग्लंडात सफरचंद ज्या नियमाने पडते त्याच नियमाने आमच्या हिंगणीला बोर पडते. एकाने शोधलेली गोष्ट दुसऱ्याने पुन्हा शोधू नये म्हणून निसर्ग काही कुलूप लावून बसलेला नाही. जो योग्य प्रश्न विचारील त्याला तो उत्तर देतो. विचारणाऱ्याचा देश, धर्म वा हुद्दा पाहत नाही. मग पदार्थविज्ञानात चोरण्यासारखे असते तरी काय? ज्या लेखकाला हा प्रश्न पडत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, आणि ज्याला पडतो त्याला कथानकासाठी कल्पनेचे घोडे फार दामटावे लागत नाहीत. इतिहासानेच ती लिहून ठेवली आहेत.

१९४२ साली रशियात ग्योर्गी फ्लेरॉव नावाचा एक तरुण पदार्थवैज्ञानिक सैन्यात नोकरी करीत होता. युरेनियमचा अणू आपोआप फुटतो हे त्याने दोनच वर्षांपूर्वी आपल्या सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले होते. त्या शोधावर परदेशांत काय प्रतिक्रिया उमटली हे पाहण्यासाठी तो एका ग्रंथालयात गेला आणि त्याने विज्ञानाची नियतकालिके चाळली. त्याला काय सापडले? काहीच नाही. प्रतिक्रिया तर नव्हतीच. पण ज्या विषयावर कालपरवापर्यंत लेखांचा पाऊस पडत होता त्या विषयावर इंग्लंड-अमेरिकेतले सगळे नामवंत एकाएकी गप्प झाले होते. फ्लेरॉवने ओळखले, की ही माणसे गप्प बसली आहेत त्या अर्थी ती बाँब करीत आहेत. त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिले. ना तिजोरी, ना पिस्तूल, ना सुंदरी! कोऱ्या पानांवरून महायुद्धातले सर्वांत मोठे गुपित वाचणारा हा माणूस कोणत्या हेरकथेच्या नायकाहून कमी आहे?

दुसरी गोष्ट आणखी मजेची, कारण ती प्रत्यक्ष विज्ञानकथेच्याच घरात घडली. मार्च १९४४ मध्ये एका अमेरिकन विज्ञानकथा मासिकात क्लीव्ह कार्टमिल नावाच्या लेखकाची एक कथा छापून आली. कथा म्हणून ती बेतासबात होती. पण तीत युरेनियमच्या बाँबचे वर्णन होते. खरा बाँब त्या वेळी गुप्तपणे तयार होत होता. गुप्तचर खात्याची माणसे संपादक जॉन कॅम्बेल यांच्या दारात येऊन उभी राहिली. फितूर कोण, हा त्यांचा प्रश्न होता. फितूर कोणीच नव्हता! युद्धापूर्वी सर्वांसाठी छापल्या गेलेल्या माहितीवरूनच सगळे रचले होते. कॅम्बेल यांनी पुढे सांगितले, की आमच्या मासिकातून हा विषय एकदम बंद केलात तर त्यावरूनच शत्रू काय ते ओळखील, असा युक्तिवाद आपण त्या अधिकाऱ्यांपुढे केला. फ्लेरॉवने तिकडे नेमके तेच ओळखले होते, हे त्या बिचाऱ्यांना कुठे ठाऊक होते?

आता कोणी म्हणेल, "अहो, मग क्लाउस फुक्सचे काय? त्याने अणुबाँबचे गुपित रशियाला दिलेच ना? १९५० साली त्याला चौदा वर्षांची शिक्षा झालीच ना?" झाली, आणि ती का झाली हेच नीट पाहिले पाहिजे. फुक्सने निसर्गाचा नियम दिला नाही. तो रशियनांना ठाऊक होता. त्याने दिली ती शेकडो माणसांची मेहनत: गोळा केवढा असावा, भोवतीची दारू कशी रचावी, स्फोट सर्व बाजूंनी एकाच क्षणी आत कसा वळवावा, कोणते प्रयोग फसले. चोरीला जातात ती मापे, चुका आणि वेळ. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या हेरकथेत खरा ऐवज हा असतो: कोण किती पुढे गेले आहे, कोठे अडले आहे, आणि कोण एकाएकी गप्प झाले आहे.

हा वाद नुसता साहित्यातल्या नीटनेटकेपणाचा आहे असे समजू नका. दिवाळीच्या फराळाबरोबर घराघरांत हे वाङ्मय वाचले जाते. आजोबा वाचतात, तसे नववीतला नातूही वाचतो. सूत्राचा कागद पळवणाऱ्या दहा कादंबऱ्या वाचलेल्या मुलाच्या मनात काय बसते? विज्ञान ही कोणा एका विलक्षण डोक्यातून निघालेली, कुलपात ठेवण्याची चीज आहे. ती ज्याच्यापाशी आहे तो थोर आणि ज्याच्यापाशी नाही त्याने एक तर पळवावी नाही तर हात चोळीत बसावे! खेड्यातल्या शाळेतल्या मुलाला याहून घातक शिकवण दुसरी नाही. त्याला कळायला हवे ते उलटच, की निसर्गाचा दरवाजा त्याच्याही घराच्या मागे उघडतो, फक्त मोजायला बसावे लागते.

आणि गुपिते फुटतात कशी, याविषयीही या कादंबऱ्या त्याला फसवतात. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या संरक्षण संशोधनातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. परदेशी हस्तकाने स्त्रीच्या नावाने मोबाइलवरून संधान बांधले, असा आरोप होता. आरोपाचा निवाडा न्यायालयाने करायचा; तो आमचा अधिकार नाही. पण अशा प्रकरणात तिजोरी फोडलेली नसते. गोड बोलणे, एकटेपणा आणि बढाई मारण्याची हौस एवढ्यावर काम भागते. ज्या लेखकाला माणूस कळतो त्याला येथे शंभर पाने सहज मिळतील.

एवढे ऐकून आमच्या विरुद्ध बाजूचे सद्गृहस्थ खूश होतील. ते म्हणतील, "म्हणून तर आम्ही म्हणतो, विज्ञानकथेने हेरगिरीच्या नादी लागूच नये. तिचे काम प्रबोधनाचे!" या मंडळींची विज्ञानकथाही आम्ही पुष्कळ सोसली आहे. तीत एक काका असतात. ते पुतण्याला प्रयोगशाळेत हिंडवतात आणि चार-चार पाने बोलतात. पुतण्या मधून मधून "खरंच काका?" एवढेच म्हणतो. या काकांनी जितके वाचक झोपवले तितके अंगाईगीतांनीही झोपवले नसतील. विज्ञान हे करंजीतले सारण असावे, अनारशावरची खसखस नव्हे, हे तर खरेच. पण नुसते सारण ताटात वाढून "खा, पौष्टिक आहे" म्हटल्यास पोर पळून जाणारच.

या सद्गृहस्थांनी आपल्याच दैवताकडे जरा नीट पाहावे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या अज्ञात लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जगताप नावाचा कोणी लेखकच नव्हता! जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ते नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाबाईंच्या हातची होती. मराठी विज्ञानकथेतले सर्वांत गाजलेले पदार्पण असे चक्क वेषांतर करून झाले. आपल्या कीर्तीच्या वजनाने पारडे झुकू नये म्हणून हा खटाटोप. परीक्षा व्हायची ती कथेची. आणि कथेचा पेच कोणता? कृष्णविवराच्या जवळ काळ मंदावतो, हाच. विज्ञान काढून घ्या, कथा उरतच नाही. दुसऱ्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली. पुढे १९८६ साली आलेली नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी जमिनीत खोल सापडलेल्या एका पेटीपासून सुरू होते, आणि ती रहस्यकथेइतक्याच उत्कंठेने वाचली जाते. नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल यांनी तर १९५९ साली सरळ हेराचीच कादंबरी लिहिली: आयर्लंडमध्ये विज्ञानाच्या जोरावर एकाएकी उभ्या राहिलेल्या प्रचंड उद्योगाचे रहस्य काढायला निघालेल्या तरुणाची! विश्वाच्या उत्पत्तीचे गणित मांडणाऱ्या माणसाला हेरकथा कमीपणाची वाटली नाही. मग आपल्या समीक्षकांना ती का वाटावी? नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने हळहळण्यापेक्षा त्यांनी मोकळी केलेली वाट वापरणे अधिक बरे.

"पण मग कथानक आणायचे कोठून? आमच्याकडे ना अणुभट्ट्या, ना हेरांच्या टोळ्या," असे एखादा नवा लेखक कुरकुरेल. त्याला आम्ही सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवरच्या आमच्या हिंगणीला बोलावतो. येथून बोरचे जंगल लागते. १९७० पासूनचे हे अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. २०१७ च्या जुलैत ब्रह्मपुरीकडे माणसांवर हल्ले केल्यामुळे पकडलेली एक वाघीण गळ्यात रेडिओ कॉलर घालून या जंगलात सोडण्यात आली. ती येथे थांबली नाही. अडीच महिने ती शेतांतून, नाल्यांतून, गावांच्या कडेने शेकडो किलोमीटर हिंडली. तिने आणखी माणसे मारली. तिला ठार करण्याचा आदेश निघाला, तो वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. आणि ऑक्टोबरात, शिकाऱ्याची गोळी लागण्याआधीच, ती आमच्याच जिल्ह्यात सिंदीविहिरीजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटने मेली.

यात पदार्थविज्ञान कोठे आहे, म्हणता? पावलोपावली आहे. कॉलरमधून लहर निघते. एका जागी उभे राहून अँटेना फिरवली तर वाघ कोणत्या दिशेला आहे तेवढे कळते; नेमका कोठे आहे हे कळायला दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ ओढावी लागते, आणि तोवर वाघ हललेला असतो. कुंपणाचेही तसेच. शेतकऱ्याचे झटका मशीन हजारो व्होल्टचा तडाखा देते, पण क्षणाच्या बारीकशा अंशापुरता. रानडुक्कर, रोही पळते, मरत नाही. उलट खांबावरच्या तारेवर आकडा टाकून घेतलेला अवघा २३० व्होल्टचा करंट सलग वाहतो, स्नायू आवळून धरतो आणि जीव घेतो. आकडा मोठा तो मारक, ही समजूत येथे उलटी पडते. एखाद्या चतुर तपास अधिकाऱ्याला एवढा धागा पुरेसा आहे.

आणि हेरगिरी? तीही आहे, आणि ती आम्ही कल्पनेने आणलेली नाही. २०१३ साली मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ई-मेल खात्यात येत असे, ते उघडण्याचा प्रयत्न झाला. तो पुण्याहून झाल्याचे आढळले. वाघ या क्षणी कोठे आहे हे ज्याला कळते त्याला बंदूक घेऊन रात्र रात्र बसावे लागत नाही. जी लहर वनरक्षकाला वाट दाखवते तीच चोरालाही दाखवील. ऐकणारा कोण, हे ती विचारीत नाही. निसर्ग कोणाची बाजू घेत नाही, म्हणून माणसाला बाजू घ्यावी लागते. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला रात्रभर जागली करूनही तूर-कपाशी हातची जाणारा कास्तकार, मध्ये एक तरुण वनरक्षक आणि कोणीतरी चोरून ऐकत असलेली लहर. जिनिव्हाचे तिकीट काढण्याची गरजच काय?

तेव्हा नव्या लेखकाला आमचे सांगणे थोडके आहे. तुमची कादंबरी लिहून झाली की तीतले विज्ञान काढून त्या जागी हिऱ्यांचा हार ठेवून पाहा. कथा तशीच चालली, तर ती हाराचीच कथा होती. तिला विज्ञानाचे नाव देऊ नका, हाराचीच म्हणून छापा, आम्ही आवडीने वाचू. कथा कोसळली, तर मात्र तुम्ही काही खरे लिहिले आहे. आणि वाचकहो, तुम्हीही एक करा. पुढच्या वेळी पानावर तो तिजोरीतला कागद आला की पुस्तक खाली ठेवा आणि शेजारच्या नातवाला विचारा, "काय रे, हे सूत्र दुसऱ्या कोणाला सुचणारच नाही का?" त्याने वाद घातला, तर घालू द्या. तेवढा वेळ चिवड्याची वाटी त्याच्याकडे सरकवा.